ल्यूथरचा पाद्री आणि तंजावरचे भोसले

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत लेथवर लोखंडी दांडा तासणारा कामगार आणि वेदीसमोर उभा राहून प्रार्थना म्हणणारा पाद्री, दोघं देवाच्या लेखी एकाच पायरीवर. आज हे वाचून कुणाची भुवई उंचावणार नाही. १५२० साली मार्टिन ल्यूथरने जर्मन सरदारांना उद्देशून पुस्तिका लिहिली. चांभार, लोहार, शेतकरी यांची कामं वेगवेगळी, पण याजक म्हणून सगळेच सारखे अभिषिक्त, असं त्याने त्यात मांडलं आणि युरोपातली शेकडो वर्षांची उतरंड हादरली. दोन वर्षांनी तो आणखी पुढे गेला. बाप बाळाची दुपटी धुतो म्हणून आळीतले लोक त्याला हसत असतील तर हसू देत, देव आणि त्याचे दूतही हसतात, पण आनंदाने, असं त्याचं म्हणणं.

ही समाजसुधारकाची वाक्यं वाटतात, पण ती समाजसुधारणेतून आलेली नाहीत. देव माणसाचा स्वीकार कसा करतो, या निखळ धर्मशास्त्रीय प्रश्नाच्या उत्तरातून ती निघाली. ल्यूथरपंथी दृष्टीने ख्रिस्ती सिद्धान्त अभ्यासायला बसलं की हाच चमत्कार पुन्हा पुन्हा भेटतो. प्रश्न स्वर्गाचा विचारायचा आणि उत्तर दुपट्यांपर्यंत येऊन पोचायचं.

ल्यूथरपंथ म्हणजे जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन असं आपल्या डोक्यात असतं. पण नर्मदेच्या खोऱ्याशी त्याची ओळख जुनी आहे. बर्लिनचा योहानेस गॉसनर हा आधी कॅथलिक धर्मगुरू होता, पुढे तो ल्यूथरपंथी झाला. स्वतःच्या हाताने कमावून खाणारे कारागीर आणि शेतकरीच धर्मप्रचारक म्हणून पाठवायचे, हा त्याचा हट्ट. अशी एक तुकडी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमरकंटकजवळच्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला आली आणि काही महिन्यांतच पटकीने त्यातल्या चौघांचा बळी घेतला. पुढे १८७७ साली स्वीडिश मिशन मध्य प्रांतात आलं आणि सागर, बैतूल, छिंदवाडा या भागांत त्याने मूळ धरलं. मध्य प्रदेशातल्या आजच्या ल्यूथरन मंडळीचं मुख्य ठाणं छिंदवाड्यातच आहे. त्या छिंदवाड्याच्या दक्षिणेला, सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात, घरोघरी मराठी बोलली जाते.

तरीही मराठी माणसाने हा सिद्धान्त समजून घ्यायचा तर नर्मदेपेक्षा कावेरीकाठी जावं, असं मला वाटतं. तिथे हा सिद्धान्त थेट भोसल्यांच्या राजवाड्यात गेला. पण आधी तो आहे काय, ते पाहू.

१५२८ साली ल्यूथर आणि त्याचे सहकारी सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांची पाहणी करत हिंडले आणि ल्यूथर हादरूनच परतला. लोकांना प्रभूची प्रार्थना येत नाही, दहा आज्ञा ठाऊक नाहीत, आणि कित्येक पाळकांनाही त्या धड शिकवता येत नाहीत. पुढच्याच वर्षी त्याने ‘लहान प्रश्नोत्तरावली’ लिहिली. तिचे पहिले भाग भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापले गेले. शिकवायची कुणी, तर घरातल्या कर्त्या माणसाने. कुठे, तर घरीच, मुलांना आणि नोकरचाकरांना जवळ बसवून. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन हा तिचा मुख्य ऐवज आहे. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचं, याचा अर्थ काय? आणि दोनचार ओळींत उत्तर द्यायचं. एका बैठकीत वाचून होईल, एवढंसं पुस्तक.

एवढ्याशा पुस्तकात किती कोंबलंय ते बघायचं तर प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीपाशी थांबावं. भाकरी म्हणजे काय, या प्रश्नाला ल्यूथर अन्नपाण्यापासून सुरुवात करतो आणि यादी लांबतच जाते. कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, पैसा, चांगला नवरा, चांगली बायको, प्रामाणिक नोकर, न्यायी राज्यकर्ते, वेळेवर पाऊसपाणी, शांतता, आरोग्य, विश्वासू मित्र, भले शेजारी. भाकरीच्या एका शब्दात सगळा संसार आणि सगळं राज्य बसवलंय. आज्ञांचंही तसंच. चोरी करू नकोस, ही आज्ञा पाकीट न मारण्यापाशी संपत नाही. शेजाऱ्याचा धंदा, त्याचं पोट, त्याची मालमत्ता सुधारायला आणि राखायला मदत केली नाहीस तर आज्ञा मोडलीस. खोट्या साक्षीच्या आज्ञेचा अर्थ असा, की शेजाऱ्याबद्दल भलं बोलायचं आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगलाच अर्थ लावायचा. हे वाचताना प्रामाणिक माणसाला घाम फुटतो, आणि तो फुटावा अशीच योजना आहे.

ल्यूथरच्या मते बायबलमधून देव दोन प्रकारे बोलतो. एक नियमशास्त्र, तू असं वाग. दुसरी सुवार्ता, तुझ्यासाठी हे करून झालेलं आहे. नियमशास्त्र आरसा दाखवतं. त्यात पाहिलं की कळतं, आपल्याच्याने हे होणे नाही. मग सुवार्ता सांगते की ख्रिस्ताने ते केलं आणि त्याचं फळ तुला फुकट आहे. विश्वास ठेवायचा, एवढंच. पण इथेही माणसाला फुशारकी मारायला जागा नाही, कारण प्रश्नोत्तरावलीतच कबुली आहे की स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने मला विश्वासही ठेवता येत नाही. तोही पवित्र आत्मा देतो. विश्वास ठेवणारा माणूस एकाच वेळी पापीही असतो आणि नीतिमानही. पाप हळूहळू ओसरून तो नीतिमान होत नाही, दोन्ही एकाच क्षणी पुरेपूर खरं असतं. ज्या अभ्यासकाला हे वाक्य खटकत नाही, त्याला ते अजून कळलेलं नाही, असं खुशाल समजावं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचा वाद आठवेल. माकडिणीचं पिलू आईला स्वतः घट्ट धरून असतं, मांजरीचं पिलू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून नेते. मुक्तीसाठी माणसाने धरायचं की देवाने उचलायचं? वडकलै पहिल्या बाजूचे, तेंकलै दुसऱ्या. रुडोल्फ ओट्टो या जर्मन ल्यूथरपंथी विद्वानाने भारतातल्या कृपामार्गावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं, आणि हे साम्य पाहून तो चकित झाला होता. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, जपानात गेलेल्या जेझुइट मिशनऱ्यांना अमिदा बुद्धाच्या नावावर विसंबणारे बौद्ध भेटले. युरोपात ज्याच्याशी झगडत होतो तो ल्यूथरचा पाखंड इथेही आपल्या आधीच येऊन बसलाय, असा त्यांचा जीव कासावीस झाला. साम्य खरं आहे, पण ते एका टप्प्यापर्यंतच जातं. ल्यूथरचा कृपेचा विचार क्रुसावर खिळलेल्या एका विशिष्ट माणसाला बांधलेला आहे. देव शोधायचा तर वैभवात शोधू नकोस, मरणाऱ्या देहात शोध, असं तो म्हणतो. ती गाठ सोडली तर मागे उरतं ते ल्यूथरचं नाही.

ही गाठ किती घट्ट होती ते १५२९च्या ऑक्टोबरात मारबुर्गच्या किल्ल्यात दिसलं. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की ती नुसती खूण, यावर स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली आणि ल्यूथर समोरासमोर बसले. ल्यूथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये ख्रिस्ताचे शब्द लिहिले, हे माझं शरीर आहे, आणि त्यावर मखमली कापड पसरलं. वाद रंगात आला तेव्हा कापड दूर सारून त्याने ते शब्द पुरावा म्हणून दाखवले. पंधरापैकी चौदा कलमांवर दोघांचं एकमत झालं. पंधराव्यातल्या या एका मुद्द्यावर दोन मंडळ्या शतकानुशतकं वेगळ्या राहिल्या. मला ल्यूथरचा हटवादीपणा इथे जड वाटतो, पण त्याचं तर्कशास्त्र समजतं. देव माणसाकडे येतो तो बाहेरून, हाताला लागेल, तोंडात घालता येईल अशा वस्तूतून येतो. ते ‘बाहेरून’ एकदा सोडलं की माणूस पुन्हा स्वतःच्या मनाच्या उकिरड्यात देव हुडकायला लागणार.

सगळं बाहेरून, फुकट मिळालं तर माणसाच्या हाताला काम काय उरलं? आता दुपट्यांची गोष्ट उलगडते. देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. स्वर्ग कमावण्यातून मोकळे झालेले हात शेजाऱ्याकडे वळतात. आणि देव जगावर दोन रीतींनी राज्य करतो. मंडळीत सुवार्तेने, आणि बाहेर कायदा, बुद्धी, न्याय, शेती, व्यापार यांनी. दुसऱ्या राज्यात चांगला राजा ख्रिस्तीच असला पाहिजे असं नाही. तो शहाणा आणि न्यायी असला म्हणजे झालं. आता तंजावरला जाऊ.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्ल्यूट्शाऊ ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीला, म्हणजे ट्रँक्वेबारला उतरले. हे बंदर डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली तंजावरच्या नायकाकडून मिळवलं होतं. १७०६ साली मात्र तंजावरच्या गादीवर व्यंकोजींचा मुलगा शहाजी, म्हणजे शिवाजी महाराजांचा पुतण्या होता. डेन त्या दरबाराला वार्षिक खंडणी भरत होते. भारतात पद्धतशीर रुजलेलं पहिलं प्रॉटेस्टंट मिशन एका मराठी राज्याच्या वेशीवर उभं राहिलं, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा नसते. गंमत अशी, की त्सिगेनबाल्गला पुढे तुरुंगात टाकलं ते मराठ्यांनी नव्हे, त्याच्याच राजाच्या डॅनिश गव्हर्नरने. त्सिगेनबाल्गने तमिळमध्ये ल्यूथरची प्रश्नोत्तरावली आणली, १७१५ साली तमिळ नवा करार छापून काढला, आणि १७१९ साली तो गेला.

१७५० साली याच बंदरात उतरला क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ. जन्म १७२६चा, शिक्षण जर्मनीतल्या हालेचं. मायदेशी तो पुन्हा कधीच गेला नाही. तमिळ त्याला अस्खलित येत होती. फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज तो शिकला, आणि तंजावरच्या दरबारात बोलता यावं म्हणून मराठीही शिकला. राजा तुळजाजीशी त्याची धर्मावर लांबलांब बोलणी होत. तुळजाजी ख्रिस्ती झाला नाही, पण त्याचा या माणसावरचा विश्वास वाढत गेला. १७७९ साली मद्रासच्या इंग्रजांना हैदरअलीकडे विश्वासू दूत पाठवायचा होता, तेव्हा त्यांनी निवडला तो हाच लग्न न केलेला, काळा झगा घालणारा जर्मन पाद्री. नंतरच्या युद्धात तंजावर उपाशी मरू लागलं. सैन्याला धान्य वाहून आणायला बैल मिळेनात, कारण राजा आणि ईस्ट इंडिया कंपनी पैसे देतील यावर शेतकऱ्यांचा भरवसा नव्हता. श्वार्ट्झने आपला शब्द दिला आणि धान्य आलं.

१७८७ साली निपुत्रिक तुळजाजीने मरणाआधी भोसले घराण्यातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तो सरफोजी. मुलगा आणि राज्य दोन्ही त्याने श्वार्ट्झच्या ओटीत टाकायचं ठरवलं. श्वार्ट्झने राज्य नाकारलं. कारभारासाठी राजाचा भाऊ अमरसिंह याचं नाव सुचवलं, मुलाची काळजी मात्र घेतली. हा निर्णय भाबडा ठरला. दत्तकविधान अशास्त्र ठरवून अमरसिंहच गादीवर बसला आणि मुलाला कोंडून ठेवू लागला. मग श्वार्ट्झने मद्रासला पत्रांमागून पत्रं लिहिली आणि १७९३ साली मुलाला तिथे हलवण्यात आलं. तिथे गेरिके हा दुसरा ल्यूथरपंथी पाद्री त्याचा शिक्षक झाला. सरफोजीचा हक्क मान्य होऊन १७९८च्या जूनमध्ये तो सिंहासनावर बसला. श्वार्ट्झ त्याआधी चार महिने, १३ फेब्रुवारीला, वारला होता.

आता जो प्रश्न या गोष्टीत मला सर्वांत मोठा वाटतो तो असा. कोवळ्या वयाचा, अडचणीतला, सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असलेला राजपुत्र हाती असताना या मिशनऱ्याने त्याला बाटवलं का नाही? त्याच्यात कळकळ नव्हती असं म्हणणाऱ्याने त्याची पत्रं वाचलेली नाहीत. तो सरफोजीला ख्रिस्ताबद्दल सांगत राहिला, मरणाच्या दारातही त्याने सांगितलं. पण विश्वास देणं त्याच्या हातात नव्हतं. त्याच्या सिद्धान्ताप्रमाणे ते कुणाच्याच हातात नसतं. ज्याला गणित, भूगोल, इंग्रजी आणि न्यायाने राज्य करणं शिकवता येतं, त्याने ते शिकवावं. तेही देवाचंच काम आहे, आणि ते शिकायला बाप्तिस्म्याची अट नाही. ही माझी जोडणी आहे. श्वार्ट्झने असं सूत्र कुठे मांडून ठेवलेलं नाही. पण लहान प्रश्नोत्तरावली वाचून त्याच्या चरित्राकडे वळलं की कोडं सुटल्यासारखं होतं.

सरफोजी शिवभक्तच राहिला. बृहदीश्वराच्या मंदिरावर त्याने भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं, काशीयात्रा केली, सरस्वती महालात ग्रंथांचे ढीग जमवले. आणि त्याच माणसाने लंडनचा नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून श्वार्ट्झचं संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. मरणशय्येवर पाद्री, आणि त्याचा हात हातात घेतलेला राजा. थडग्याच्या दगडासाठी सरफोजीने स्वतः इंग्रजीत पद्य रचलं. १८०६ साली पाद्री क्लॉडियस ब्यूकॅनन राजवाड्यात आला, तेव्हा राजाने त्याला नेऊन दाखवलं ते श्वार्ट्झचं चित्र.

चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती दडपून चालणार नाही. गादी मिळाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १७९९च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीने गिळला. सज्जन पाद्र्याची साक्ष शेवटी कुणाच्या पथ्यावर पडली, हे उघड आहे. त्याहून मोठा डाग जातीचा. श्वार्ट्झच्या मंडळीत उच्च आणि नीच मानलेल्या जाती वेगवेगळ्या बसत. बसण्याची रीत हा बाहेरचा, लौकिक व्यवहार आहे, त्याचा तारणाशी संबंध नाही, असं समर्थन त्याच दोन राज्यांच्या सिद्धान्तातून निघत होतं. १८३३ साली अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सनने मंडळ्यांमध्ये जात पाळायला मनाई केली, तेव्हा तंजावरचे कित्येक ख्रिस्ती उठून बाहेर पडले. श्वार्ट्झचा दुसरा लाडका विद्यार्थी, तमिळ कवी वेदनायगम शास्त्री, जुन्या रीतीच्या बाजूने उभा राहिला. चांभार आणि याजक एका पायरीवर, असं १५२०मध्ये म्हणणाऱ्या पंथाच्या या मंडळ्या चांभाराला वेगळ्या सतरंजीवर बसवत होत्या. ल्यूथर स्वतःही काही स्वच्छ नव्हता. १५२५ साली बंडखोर शेतकऱ्यांना कापून काढा म्हणून त्याने लिहिलं, १५४३ साली ज्यूंविरुद्ध इतकं विखारी लिहिलं की विसाव्या शतकात ल्यूथरन मंडळ्यांना ते जाहीरपणे नाकारावं लागलं. माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी, या सूत्राला इतका बोलका पुरावा दुसरा मिळणं कठीण.

अभ्यास पुढे न्यायचा तर लहान प्रश्नोत्तरावलीनंतर १५३०ची आउग्सबुर्गची कबुली वाचावी. अठ्ठावीस कलमं. ती लिहिली ल्यूथरचा सहकारी मेलांख्तोन याने. २५ जूनला ती सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर जर्मनमध्ये मोठ्याने वाचून दाखवली एका चॅन्सेलरने, आणि तिच्याखाली सह्या होत्या संस्थानिकांच्या आणि नगरांच्या, म्हणजे पाद्री नसलेल्यांच्या. सातवं कलम म्हणतं की सुवार्ता आणि संस्कार यांवर एकमत असलं की पुरे, माणसांनी घालून दिलेले विधी सगळीकडे सारखे असायला नकोत. चौथं कलम नीतिमान ठरण्याचं. याच मुद्द्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन साडेचारशेहून अधिक वर्षं भांडले आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी त्याच आउग्सबुर्गमध्ये त्यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

ही कबुली सम्राटासमोर वाचली जात होती तेव्हा ल्यूथर तिथे नव्हता. साम्राज्याने त्याला बहिष्कृत केलेलं असल्याने त्याला कोबुर्गच्या किल्ल्यात मागे थांबावं लागलं होतं. तिथे बसून तो काय करत होता? पत्रं लिहिणं, बायबलचा अनुवाद, आणि जोडीला इसापच्या गोष्टी जर्मनमध्ये आणणं. तारणाची गोष्ट सुवार्तेत शिकावी, पण या जगात लबाड कोल्ह्यांमध्ये आणि मोठ्या लांडग्यांमध्ये कसं राहायचं हे मुलांना शिकवायला या विधर्मी ग्रीकाइतका चांगला गुरू नाही, असं त्याचं मत होतं. आउग्सबुर्गमध्ये त्याचे मित्र पहिल्या राज्यासाठी झगडत होते आणि कोबुर्गमध्ये हा दुसऱ्या राज्याचं पाठ्यपुस्तक तयार करत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरफोजीने तंजावरच्या राजवाड्यात देवनागरीचा छापखाना घातला. त्यातून निघालेल्या अगदी सुरुवातीच्या मराठी पुस्तकांपैकी एक म्हणजे ‘बालबोधमुक्तावली’. सख्खण पंडिताने मराठीत केलेल्या इसापच्याच गोष्टी. कोबुर्गचा धागा थेट तंजावरपर्यंत येतो असं सांगायला माझ्याकडे पुरावा नाही. इसाप तेव्हाच्या युरोपात प्रत्येक शाळेत होता, आणि सरफोजीला तो मद्रासमध्येही भेटला असेल. पण श्वार्ट्झच्या शिष्याने आपल्या मुलांसाठी छापायला नेमकं हेच पुस्तक निवडलं, हे ल्यूथरच्या कानावर गेलं असतं तर या मराठी राजाच्या शहाणपणात त्याला खोट काढायला जागा उरली नसती.